दहा वर्षांचा नियम आला कुठून?

एका लेखात म्हटलंय की लग्न दहा वर्षं टिकलं तरच बायकोला कायमची पोटगी मिळते. असा आकडा आपल्याकडच्या कायद्यात कुठंही नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ वाचा. दोघांची मिळकत, मालमत्ता, वर्तन आणि बाकीची परिस्थिती पाहून कोर्टाने रक्कम ठरवायची, एवढंच त्यात आहे. आणि हो, ती नवराही मागू शकतो, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही.

लग्नाच्या वर्षांना किंमत नाही असं मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालात म्हटलंय की अल्पकाळ टिकलेल्या लग्नासाठी जन्मभर पैसे देत राहायला लावणं अन्यायाचं ठरू शकतं. उलट बाजूने, संसारासाठी नोकरी सोडलेल्या बाईचा विचार करायलाही त्याच निकालात सांगितलंय.

आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बझारमधल्या माझ्या आतेबहिणीचं प्रकरण असंच. मुलं झाल्यावर तिनं शाळेतली नोकरी सोडली. वकिलांनी लग्नाच्या फोटोंपेक्षा तिच्या राजीनाम्याची प्रत आणि शेवटची पगारपावती आधी मागितली! दोघांनाही मिळकत-कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. भाऊजींच्या दोन एफडी तेव्हा कुठं उजेडात आल्या.

बाकी, १९३१ साली याच बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. आज तिथलीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वर्षांचा नियम फिरवतात, काय बोलावं!