लाउंज तर त्यांना मिळतंच : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की बिझनेस क्लासने सतत फिरणाऱ्यांना काही कमी नाही, मग विमान कंपन्यांनी सतत फिरणाऱ्यांसाठीच्या सदस्य-योजनांत त्यांचे आणखी लाड कशाला करायचे? मागच्या रांगेतल्या माणसाला आधी नीट खायला-प्यायला द्या. लाड नकोत, हे मलाही मान्य. पण खाण्यापिण्याचा प्रश्न वेगळा आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की अल्पोपाहार देणं डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमातच आहे. तो हक्क आहे, त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही.

आता स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं, सतत फिरणाऱ्या सदस्यांना मिळणारं गोल्ड कार्ड घ्या. लाउंज, विमानात आधी प्रवेश, जादा सामान, बॅग लवकर हातात. यातलं जवळजवळ सगळं बिझनेसच्या तिकिटात असतंच. म्हणजे जो सर्वांत जास्त पैसे मोजतो त्यालाच कार्डाचा उपयोग सर्वांत कमी! वर चॉकलेटचा डबा पाठवला म्हणून काय फरक पडणार?

त्याची खरी अडचण होते विमान चुकल्यावर. समजा, मुंबईहून निघालेलं विमान फ्रँकफर्टला उशिरा पोचलं आणि पुढचं बोस्टनचं गेलं. संगणक दुसऱ्या विमानात जागा धरतो, ॲपवर ती दिसतेही. पण बऱ्याचदा बदलतं ते फक्त बुकिंग. ई-तिकिटाचं कूपन, म्हणजे तिकिटातला त्या उड्डाणापुरता भाग, जुन्याच विमानावर राहतं आणि काउंटरवर बोर्डिंग पास निघत नाही. काम काही मिनिटांचं, पण तिकीट रीइश्यू करायचा, म्हणजे नव्या विमानासाठी पुन्हा काढून द्यायचा, अधिकार फोनवरच्या पहिल्या माणसाकडे सहसा नसतो. तो ‘वर विचारतो’ तोवर जागा जाते.

म्हणून माझी मागणी एवढीच: वरच्या श्रेणीच्या सदस्याचा फोन थेट तिकीट डेस्कवर जावा आणि त्या डेस्कला परवानगी न मागता दुसऱ्या, अगदी अलायन्सबाहेरच्याही, कंपनीच्या विमानात बसवता यावं. (कार्ड नसलेल्यांनीही अशा वेळी एवढं विचारावं: ‘तिकीट रीइश्यू झालं का? नवा तेरा आकडी क्रमांक द्या.’ बुकिंग क्रमांक तोच राहतो, त्यावर विसंबू नये.)

लुफ्थान्सा हॉन सर्कलच्या, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या, सदस्यांना फ्रँकफर्टला गाडीने विमानापर्यंत सोडते, त्याची तुम्ही थट्टा केलीत. मिरवणं त्यात आहेच. पण हातात पाऊण तास असताना त्या पसरलेल्या विमानतळावर तीच गाडी पुढचं विमान वाचवते. हे मी लाडात धरत नाही.

अपग्रेड व्हाउचरांबाबत (सदस्यांना वरच्या वर्गात बसण्यासाठी मिळणारी कुपनं) मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, ती निव्वळ धूळफेक आहे. सीट मॅपवर बिझनेसच्या सहा जागा रिकाम्या दिसतात आणि व्हाउचरसाठी शून्य, कारण कंपनी त्या शेवटपर्यंत रोखीने विकायला राखून ठेवते. वर्ष संपलं की व्हाउचर बाद. निदान उड्डाणाच्या चोवीस तास आधी उरलेल्या जागा व्हाउचरला खुल्या कराव्यात. तेही जमत नसेल तर न वापरता आलेलं व्हाउचर पुढच्या वर्षात ओढावं.