नावातला 'टी' औषधाचा, आजाराचा नव्हे

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. 'गाठीची बायोप्सी करू नका, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. लिम्फोमा रक्ताच्या रिपोर्टवरून कळतोच. टी-सेल लिम्फोमा निघाला तरी केमो नको, खारघरला टी-सेल थेरपी मिळते.' खाली हात जोडलेले. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर; या पेशी मुख्यतः टी आणि बी अशा दोन प्रकारच्या, त्यातल्या टी-पेशी बिघडल्या की टी-सेल लिम्फोमा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये गाठींचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी खारघर, कारण सगळे त्यालाच भुललेत. टाटा मेमोरियल (खारघरचं केंद्र त्यांचंच) आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधनातून आलेली कार-टी थेरपी, म्हणजे फॉरवर्डमधली 'टी-सेल थेरपी', खरी आहे, २०२३ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. पण तिच्यात पेशंटच्याच टी-पेशी काढून त्यांना सीडी१९ नावाची खूण ओळखायला लावतात. ती खूण असते बी-पेशींवर. टी-सेल लिम्फोमात त्या शोधणार काय? बरं, टी-पेशींवरचीच खूण दिली, तर त्या एकमेकींच्याच जिवावर उठतात. यावर जगभर काम चाललंय, पण तो अजून रोजचा उपचार नाही.

बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही. उलट, बारीक सुईने सुट्या पेशी हाती लागतात आणि इथे तर पेशींची मांडणी बघायची असते. म्हणून जमेल तिथे अख्खी गाठ काढतात. मग ब्लॉकवर सीडी३, सीडी२०, सीडी३०, एएलके असे मार्कर, म्हणजे पेशींवरच्या खुणा, तपासायचे. औषध त्यावर ठरतं: रिटुक्सिमॅब सीडी२० असलेल्या बी-पेशींवर चालतं, सीडी३० दिसलं तर ब्रेन्टुक्सिमॅबचा विचार होतो. आपल्याकडे गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलं की टीबी धरून गोळ्या सुरू होतात. टीबी असतोही बरेचदा. पण तुकडा न तपासता महिने जातात. त्यात कुणी स्टिरॉइड दिलं की गाठ ओसरते आणि आमच्या काचेवर धड काही दिसत नाही.

रक्ताचं म्हणाल तर लिम्फोमा असूनही सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, नॉर्मल येऊ शकतो.

राहिली केमो. टी-सेल लिम्फोमाच्या बहुतेक प्रकारांत सुरुवात 'चॉप' या चार औषधांच्या ठरलेल्या केमोने किंवा तिच्या जवळच्या औषधांनी होते, साधारण दर तीन आठवड्यांनी एक सायकल. एएलके पॉझिटिव्ह प्रकार बऱ्यापैकी दाद देतो. बाकीचे बरेच पुन्हा उलटून येतात, हे लपवण्यात अर्थ नाही; म्हणून आजार आटोक्यात आल्यावर काहींना स्वतःच्याच स्टेम सेलचं, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं, प्रत्यारोपण सुचवतात. नाकात होणाऱ्या प्रकाराला चॉप पुरत नाही, तिथे अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध आणि रेडिएशन लागतं.

'केमो नको' हे एकाच ठिकाणी बरंचसं खरं ठरतं: मायकोसिस फंगॉइड्स, म्हणजे त्वचेतला टी-सेल लिम्फोमा. वर्षानुवर्षं गजकर्ण किंवा एक्झिमा समजून लोक त्याला मलम चोळत बसतात. सुरुवातीच्या टप्प्यात तो स्टिरॉइडचं मलम आणि लाइट थेरपीवर आटोक्यात राहू शकतो. पण तो ओळखायलाही कातडीचा तुकडा काढावाच लागतो, कधी कधी दोन-तीनदा.