गारगोटी, विळी आणि बंद खोली

दगड घासला की उजेड पडतो, हे कानावर आलं की माणूस मोरीजवळचा धार लावायचा काळा दगड उचलतो आणि अंधारात त्यावर विळी घासत बसतो. उजेड पडत नाही. बोट तेवढं कापतं. शिकलगाराच्या चाकावर उडतात त्या ठिणग्याही ह्यातल्या नव्हेत; ते पात्याचे तापलेले कण हवेत जळत असतात.

इथं दगडावर दगडच हवा, आणि तोही सिलिकाचा, म्हणजे वाळू ज्याची असते त्या खनिजाचा. अमेरिकेत अर्कान्सासचा धारेचा दगड जवळजवळ निव्वळ सिलिका असतो. असे दोन दगड सपाट करायला एकमेकांवर घासले की अंधारात उजळतात. आपल्याला काही मागवायला नको. तोच माल खान्देशात नांगराच्या फाळाला आडवा येतो, तापीच्या गोट्यांत मिळतो. गारगोटी! बेसाल्टचा काळा धोंडा घेऊ नका, जन्मभर घासलात तरी तो ढिम्म.

मुठीएवढ्या, दुधाळ, उजेडात धरल्यावर किंचित आरपार दिसणाऱ्या दोन गारगोट्या निवडा. चिकटलेली माती धुवा. आता खरी परीक्षा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. बाहेर चांदणं, म्हणून दारं-खिडक्या बंद. मे महिना, लाईट गेलेली, पंखा मेलेला. ओट्यावर सगळी गल्ली वारा खात बसलेली आणि आपण आत दोन दगड घेऊन घामाघूम. बाहेरून कोणीतरी विचारणारच, "भो, लाईट उनी का?"

आपण चष्मा लावावा (कपच्या उडतात), जोर देऊन दोन-तीन झटके मारावेत. हळूवार कुरवाळलं तर काही होत नाही. नीट जमलं की घासलेल्या जागी आतूनच पिवळसर-नारिंगी उजेड फुटतो, आणि हात थांबला की विझतो. जळकट वास येतो, पण दगड पेटलेला नसतो. स्फटिक चुरतो, विद्युतभार वेगळे होतात आणि परत जुळताना उजेड देतात. म्हणून भांडंभर पाण्यात बुडवून घासलं तरी चमकतं. माझ्या मते पाण्यातच घासावं. सिलिकाची धूळ फुफ्फुसाला वाईट.

दगड नकोच वाटला तर देवापुढची खडीसाखर पकडीत धरून चिरडावी. निळसर ठिणगी दिसते, पुरावा खाऊनही टाकता येतो.

घरातल्यांना मात्र ह्या चमत्काराशी देणंघेणं नसतं. भरताचं वांगं भाजलेलं असतं, पातीचा कांदा चिरायचा असतो आणि विळी बोथट. गारगोटीवर धार लावायला जाऊ नये, पात्याला दात पडतात. काळा दगडच दहा मिनिटं पाण्यात भिजवावा, आधी खरबरीत अंग, मग गुळगुळीत. पात्याच्या पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलावी. ती खरखर शेवटी हलक्या हातानं काढली नाही, तर धार पहिल्याच कांद्यात मुडपते. दगडाला एकदा तेल पाजलं असेल तर नंतर पाणी ओतू नये, तो ते पीतच नाही.

आणि हे सगळं करायला लाईट लागते.