प्रागची बाधा न होता प्रागमध्ये दहा महिने

एका शैक्षणिक वर्षासाठी प्रागला जाण्याचे आपण ठरवले, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. मध्य युरोपातले सर्वांत जुने विद्यापीठ चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये याच शहरात स्थापन केले आणि तेव्हापासून ते आपल्याच येण्याकडे डोळे लावून बसले होते, अशा थाटात आपण विमानात बसावे. मात्र परदेशी राहायला गेलेल्या माणसाला एक धोका असतो, तो असा की ज्या गावी तो जातो ते गाव हळूहळू त्याच्या अंगाला लागते. मी ऑक्टोबर ते जुलै तिथे राहून या बाधेतून जवळजवळ संपूर्ण सुटून आलो, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पहिली खबरदारी राहण्याची. वसतिगृहाला चेक भाषेत ‘कोलेय’ म्हणतात. रोमन लिपीत तो शब्द आपल्या कॉलेजसारखा वाचता येतो, त्यामुळे घरून फोन आल्यावर ‘मी कोलेजमध्येच आहे’ हे उत्तर अंथरुणात पडूनही खरे ठरते. तिथे पोहोचताच पुण्या-नाशिकची, ती न सापडल्यास हैदराबादची मुले कोणत्या मजल्यावर आहेत याचा शोध घ्यावा आणि खोली बदलून घ्यावी. दारावर एक वयस्क बाई बसलेल्या असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘दोब्री देन’, म्हणजे ‘नमस्कार’, म्हणतात. त्यावर मान हलवली की पुरे. उलट ‘दोब्री देन’ म्हटले तर संभाषण सुरू होण्याची भीती असते.

स्वयंपाकघरातही सावध राहावे. पहिल्याच आठवड्यात मी दुकानातून ‘क्मीन’ नावाची पुडी जिरे समजून आणली. दिसायला ते जिऱ्याचे सख्खे भावंड होते. परंतु तेलात पडल्यावर जो वास सुटला, तो बडीशेप आणि ओवा यांच्या भांडणासारखा होता, आणि ती बटाट्याची भाजी आम्ही चौघांनी एकमेकांकडे न बघता संपवली. आपले जिरे हवे असेल तर तिथे ‘र्झीम्स्की क्मीन’, म्हणजे ‘रोमन क्मीन’, असे मागावे लागते. गुजरात-राजस्थानातले जिरे परमुलखात रोमचे आडनाव लावून वावरते, हे मला कळायला तीन महिने लागले, कारण मी कोणाला विचारले नाही. आपणही विचारू नये. विद्यापीठाची खाणावळ, जिला तिथे ‘मेन्झा’ म्हणतात, तीही टाळावी, कारण तिथे कधीतरी ‘ब्रांबोराक’ ताटात पडतो. किसलेला बटाटा, पीठ, लसूण आणि थोडा सुका पाला घालून तव्यावर लालसर परतलेला हा पदार्थ थालीपिठाच्या इतका जवळचा आहे, की परक्या देशात आल्याची भावनाच नाहीशी होऊ लागते.

सर्वांत मोठा धोका भाषेचा आहे आणि तो मराठी माणसाला इतरांपेक्षा अधिक आहे. चेक भाषेत सात विभक्त्या असतात. इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी त्या ऐकूनच गर्भगळीत होतो. पण ज्याने शाळेत प्रथमा ते संबोधन घोकले आहे आणि ज्याला ‘राम’ आणि ‘रामा’ यांतला फरक सांगावा लागत नाही, त्याला त्या ओळखीच्या वाटण्याचा संभव आहे. शब्दांचेही तसेच. अंधाराला ते ‘त्मा’ म्हणतात, म्हणजे आपला तम. आकाशाला ‘नेबे’, म्हणजे नभ. विस्तवाला ‘ओहेन्य’, ज्यात अग्नी दडलेला आहे. मेट्रोत प्रत्येक स्थानकावर एक आवाज बजावतो, ‘उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी’: कृपया चढणे-उतरणे आटोपते घ्या, दारे बंद होत आहेत. यातले ‘द्वेर्झे’ म्हणजे आपले द्वार. दहा महिने रोज दोनदा हे वाक्य ऐकल्यावर एखादा शब्द आत शिरणारच, म्हणून कानांत सतत इयरफोन ठेवावेत. माझे इयरफोन फेब्रुवारीत बिघडले आणि तेवढ्या अवधीत हा एक शब्द मला लागलाच.

शहर पाहताना ते फोनच्या पडद्यातून पाहावे. जुन्या चौकातले खगोलीय घड्याळ १४१० सालचे आहे. तबकडीवर सूर्य आणि चंद्र कोणत्या राशीत आहेत ते दिसते आणि सूर्यास्तापासून चोवीस तास मोजण्याची जुनी चेक कालगणनाही दिसते. थोडक्यात ते भिंतीवर उभे केलेले पंचांग आहे, आणि माझ्या आजीने ते माझ्यापेक्षा लवकर वाचले असते. आपण त्या फंदात पडू नये. तास पडण्याआधी पाच मिनिटे गर्दीत हात वर करून उभे राहावे. सांगाडा घंटी वाजवतो, खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांचे पुतळे येऊन जातात, शेवटी कोंबडा दम लागल्यासारखा आरवतो, आणि निरनिराळ्या भाषांत ‘एवढेच?’ असे ऐकू येते. मग शेजारच्या टपरीवरून ‘जुनी परंपरा’ असा फलक लावलेले, आत आइस्क्रीम भरलेले त्रदेल्निक, म्हणजे भाजलेल्या गोड पिठाचे नळकांडे, घ्यावे. ही परंपरा किती जुनी आहे हे मात्र कोणा प्रागकराला विचारू नये. तो हसतो, आणि अनोळखी माणसासमोर सहसा न हसणारा माणूस हसला की आपल्यालाच अवघडल्यासारखे होते.

नोव्हेंबरची १७ तारीख आधीच हेरून ठेवावी, कारण त्या दिवशी सुट्टी असते आणि बस चार-साडेचार तासांत व्हिएन्नाला पोहोचवते. सुट्टी कशाची, असे विचारत बसू नये. १९३९ मध्ये याच तारखेला नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली, नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत पाठवले. पन्नास वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच दिवसाच्या स्मरणार्थ निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मोर्चाला कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी नारोद्नी रस्त्यावर झोडपले आणि वर्ष संपण्याच्या आत ती राजवट कोसळून तिचे विरोधक नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. त्या रस्त्यावरच्या एका कमानीखाली भिंतीवर वर उचललेले ब्राँझचे हात आहेत आणि त्या संध्याकाळी त्यांच्याखाली इतक्या मेणबत्त्या लावल्या जातात, की मेणाचा वास कोटाला दोन दिवस राहतो. कोट ड्रायक्लीन करणे तिथे महाग पडते, तेव्हा व्हिएन्ना बरे. कला शाखेच्या इमारतीवर यान पालाखचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा आहे. त्या शाखेचा हा वीस वर्षांचा विद्यार्थी १६ जानेवारी १९६९ रोजी, सोव्हिएत रणगाडे देशात घुसल्यावर लोकांनी मान तुकवू नये म्हणून, स्वतःला पेटवून घेऊन तीन दिवसांनी गेला. मुखवटा नजरेच्या थोडा वर आहे. वर्गाला उशीर झालेल्या माणसाला तो दिसत नाही, म्हणून नेहमी उशिरा जावे.

सहलींविषयी अधिक काय सांगावे! दहा महिन्यांत निदान बारा देश झाले नाहीत तर घरी तोंड दाखवायला जागा राहत नाही. माझे अकरा झाले. बारावा व्हावा म्हणून मी नाताळात पॅरिसला गेलो आणि बसस्थानकावरच्या बाकावर बॅगेला मिठी मारून झोपलो, अशा तऱ्हेने फ्रान्स पाहून झाला. त्याच संध्याकाळी वर्गातल्या एका मुलाने मला त्याच्या घरी जेवायला बोलावले होते. नाताळाच्या आधी प्रागच्या रस्तोरस्ती पाण्याने भरलेली मोठी टिपे मांडतात आणि त्यांत जिवंत कार्प मासे असतात. काही घरांत तो मासा नेऊन न्हाणीघरातल्या टबात सोडतात, पोरे त्याला नाव ठेवतात आणि मग २४ तारखेला तो बटाट्याच्या सॅलडबरोबर ताटात येतो, नाहीतर पोरांच्या रडण्यामुळे पुन्हा नदीत जातो. त्या मुलाने मला टबातल्या माशाचा फोटो पाठवला होता. मी त्याला आयफेल टॉवरचा पाठवला.

परीक्षेचे फारसे मनावर घेऊ नये. एका विषयासाठी सहसा तीन संधी मिळतात आणि गुण एक ते चार असे असतात. त्यांत एक सर्वोत्तम आणि चार म्हणजे नापास. हे घरी आधी समजावून सांगावे. मी सांगितले नाही, आणि ‘मला एक मिळाला’ हे ऐकून आईने फोन बाबांकडे दिला.

निघण्याच्या दिवशी भावनेच्या आहारी जाऊ नये. मी दोन बॅगा ओढत वसतिगृहाबाहेर आलो तेव्हा टॅक्सी उभी होती आणि दारावरच्या त्या बाई खुर्चीतून उठून माझ्या मागोमाग येत होत्या. दहा महिन्यांत प्रथमच त्या मला ‘दोब्री देन’खेरीज काही बोलल्या, चांगले लांबलचक वाक्य, आणि त्यातला ‘द्वेर्झे’ एवढा एक शब्द मला कळला. या घराचे दार तुझ्यासाठी सदैव उघडे आहे, असे काहीसे त्या म्हणत असणार हे ओळखून मी छातीवर हात ठेवला, वाकून दोनदा ‘देकुयी’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणालो आणि टॅक्सीत बसलो. वळणावर मागे पाहिले तेव्हा मी उघडे टाकलेले, वाऱ्याने भिंतीवर आपटणारे काचेचे जड दार त्या दोन्ही हातांनी ओढून लावत होत्या.