आयर्विनचं पाणी कळतं, मग आराखडा का कळू नये?

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा तेवढ्यावर ठरवते, धान्य माळ्यावर टाकायचं की जनावरं सोडायची. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही घराघरात हाच आकडा विचारला जात होता.

गेल्या आठवड्यात मावसभावासाठी एका विकास आराखड्याचे, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारे, कागद मोबाईलवर उघडून बसलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. पीडीएफ स्कॅन केलेली, त्यामुळे गट नंबर टाकून शोधलं तर काहीच येत नाही. नकाशा मोठा केला की आकडे पुसट होतात. रंगांची सूची वेगळ्याच फाईलमध्ये. हिरवा रंग शेतीचा की बागेच्या आरक्षणाचा, हे ठरवण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की प्रस्तावित रस्ता थेट त्याच्या विहिरीवरून जातोय.

1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकतींना 30 दिवस मिळतात. आमचे नऊ दिवस आपलं शेत कुठल्या शीटवर आहे हे शोधण्यातच गेले. आणि एकदा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं की जमीन घेतलीच नाही तरी साधारण 10 वर्षं थांबल्यावरच मालकाला खरेदीची नोटीस, म्हणजे "आता जमीन विकत घ्या" अशी नोटीस, देता येते. म्हणजे न वाचता आलेला एक कागद माणसाची दहा वर्षं अडकवतो. याची मला मनापासून चीड येते.

महाभूलेखवर गट नंबर टाकला की सातबारा समोर येतो ना? तसंच इथेही व्हावं. गट नंबर टाका, अर्ध्या पानात उत्तर मिळू द्या: आज जमीन कशात आहे, उद्या कशात जाणार, किती गुंठे जाणार. "निमसार्वजनिक वापर" असं मोघम नको, शाळा की दवाखाना ते सांगा. निळ्या पूररेषेशेजारी लिहा, "सरासरी 25 वर्षांतून एकदा पाणी इथवर येतं", लाल रेषेशेजारी 100 वर्षं. आणि मजकूर युनिकोडमध्ये द्या, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या आमच्या अण्णांना फोन तो वाचून दाखवेल.

त्या आराखड्याची मुदत अजून संपलेली नाही. कुणाला आपला गट सापडत नसेल तर सातबारा घेऊन रविवारी सकाळी घरी या. लॅपटॉपवर मिळून शोधू, हरकतही तिथेच लिहू.