जाळी भिंतीला चिकटवून ठोकू नका: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

लाकडी किंवा स्टीलच्या स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या खांबांच्या) सांगाड्यावर प्लास्टर करण्याआधी मेटल लॅथ, म्हणजे हिऱ्याच्या आकाराच्या छिद्रांची पत्र्याची जाळी, कशी लावावी याबद्दल एक सल्ला बराच फिरतो आहे. थोडक्यात तो असा: जाळी भिंतीला चिकटेपर्यंत ठोका, मागे प्लाय आहेच, तर स्टड शोधत बसू नका, स्टेपल (दोन पायांच्या पिना) जेवढे जास्त तेवढी मजबुती, जाळी आडवी की उभी, सुलटी की उलटी, फरक पडत नाही, जोडांवर जाळी चढवून माल वाया घालवू नका, आणि जाळी असली की तडा जात नाही, म्हणून मध्ये जॉइंट सोडायची गरज नाही.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. पहिली दोन सर्वांत महागात पडतात, म्हणून त्यांच्यावर जास्त थांबू.

"जाळी भिंतीला चिकटेपर्यंत ठोका"

जाळी प्लास्टरला धरते ती अडकवून. थापीने दाबलेला माल छिद्रांतून पलीकडे जातो, तिथे पसरतो आणि घट्ट झाल्यावर त्याच छिद्रातून परत बाहेर येऊ शकत नाही. यासाठी जाळीच्या मागे साधारण ६ मिमी जागा मोकळी लागते. सेल्फ-फरिंग, म्हणजे भिंतीपासून स्वतःच अंतर राखणाऱ्या, जाळीला कारखान्यातच ठरावीक अंतरावर खळगे पाडलेले असतात ते याचसाठी: खळगा मागच्या बिल्डिंग पेपरला, म्हणजे प्लायवर लावलेल्या पाणी अडवणाऱ्या कागदाला, टेकतो आणि बाकीची जाळी त्यापासून दूर राहते. साधी, सपाट जाळी वापरली तर हेच काम फरिंगच्या खिळ्यांनी किंवा जाळीमागे घातलेल्या वॉशरने करून घ्यावं लागतं.

जाळी चिकटेपर्यंत ठोकली की खळगे सपाट होतात. मग माल मागे जातच नाही, नुसता पुढच्या बाजूने जाळीवर बसतो. पहिला कोट लावताना काहीच कळत नाही. उलट माल कमी लागतो म्हणून काम झरझर होतं. नंतर बोटाने वाजवलं की जागोजागी पोकळ आवाज येतो. दुसरं नुकसान हळू होतं. सिमेंटच्या मालात पूर्ण बुडालेलं स्टील अल्कधर्मी वातावरणात सुरक्षित राहतं, पण मागची बाजू उघडी राहिली तर पेपरवरून ओघळणारं पाणी थेट तारांना लागतं. जस्ताचा थर संपला की गंज सुरू होतो, गंज फुगतो आणि प्लास्टर आतून ढकलला जातो.

हवेच्या गनने स्टेपल मारताना चूक पटकन होते. दाब जास्त असला की स्टेपलचं आडवं अंग तार कापतं, खळगा दाबतं आणि पेपरलाही चिरतं. आधी तशाच प्लायच्या तुकड्यावर पेपर आणि जाळी ठेवून चार-पाच स्टेपल मारून दाब ठरवावा. स्टेपलचं आडवं अंग तारांवर नुसतं टेकलं पाहिजे. तपासायला ६ मिमी जाडीची पट्टी पुरते: दोन खळग्यांच्या मध्ये ती जाळीमागे जरा सरकवून पाहायची. जात नसेल तर मालही जाणार नाही.

या सल्ल्यात खरं एवढंच आहे की ढिली जाळी चालत नाही. थापीच्या दाबाखाली जाळी आत-बाहेर होत असेल तर पहिल्या कोटाची जाडी कमी-जास्त होते. पण जाळी ताठ ठेवणं वेगळं आणि भिंतीत रुतवणं वेगळं. ताठपणा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे स्टडमागून स्टड ठोकत गेल्याने येतो. दोन्ही टोकं आधी पक्की केली तर जादा लांबी मध्ये अडकते आणि पोट सुटतं. ते पोट मग कितीही स्टेपल मारून बसत नाही.

"मागे प्लाय आहे, स्टड शोधत बसू नका"

आधी वजन पाहू. तीन कोटांच्या सिमेंट प्लास्टरची जाडी जाळीवर साधारण २२ मिमी असते आणि वजन चौरस मीटरला सुमारे ४५ ते ५० किलो. म्हणजे १० चौरस मीटरच्या भिंतीवर जवळजवळ अर्धा टन कायम लटकतो. शिवाय बाहेरच्या भिंतीवर वाऱ्याची ओढ असते, ती स्टेपल सरळ बाहेर खेचते. खाली ओढणारं वजन प्लाय बऱ्यापैकी झेलतो, पण ११ मिमी प्लायमध्ये स्टेपलची पकड सरळ ओढीला फार कमी असते. त्यात प्लाय ओल घेतो, फुगतो, सुकतो. प्रत्येक फेरीत स्टेपलभोवतीचं भोक जरासं ढिलं होतं.

म्हणून अमेरिकेचं एएसटीएम सी १०६३ हे मानक फास्टनर, म्हणजे जाळी पक्की करणारे स्टेपल, खिळे किंवा स्क्रू, सांगाड्यातच मारायला सांगतं आणि प्रत्येक स्टडवर दोन फास्टनरमधलं अंतर १७८ मिमीपेक्षा जास्त ठेवू देत नाही. लाकडी स्टडमध्ये स्टेपल किमान १९ मिमी आत गेला पाहिजे. हे १९ मिमी लाकडात मोजायचे, प्लायमध्ये गेलेला भाग धरायचा नाही. स्टेपलचं आडवं अंगही किमान १९ मिमी रुंद हवं आणि त्याखाली जाळीच्या निदान तीन तारा आल्या पाहिजेत. एका तारेवर बसलेला अरुंद स्टेपल ती तार कापून मोकळा होतो.

यावरून लांबी काढता येते. प्लाय ११, जाळीमागची जागा ६, लाकडातली खोली १९: बेरीज ३६ मिमी, म्हणजे ३८ मिमी पायांचा स्टेपल. नेहमीचा २५ मिमीचा वापरला तर लाकडात जेमतेम ८ मिमी उरतात. प्लायवर २५ मिमीचा फोम असेल तर बेरीज ६१ होते. तिथे स्टेपलचा विचार सोडून लांब स्क्रू घ्यावा लागतो. फोम याहून जाड असेल तर स्क्रू खांबातून बाहेर निघालेल्या दांड्यासारखा वजनाने खाली वाकू पाहतो, म्हणून तिथे फास्टनरची जाडी आणि अंतर अभियंत्याकडून काढून घ्यावं.

स्टीलच्या स्टडवर स्टेपल चालत नाहीतच. तिथे किमान ११ मिमी व्यासाच्या चपट्या, रुंद डोक्याचा स्क्रू लागतो आणि त्याचं टोक पत्र्याच्या पलीकडे निदान १० मिमी बाहेर यावं लागतं. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू इथे सर्रास वापरले जातात. त्यांचं डोकं निमुळतं आणि लहान असतं, ते हिऱ्याच्या छिद्रातून आरपार निघतं किंवा तारेत पाचरीसारखं घुसून तिला तोडतं. शिवाय ते स्क्रू कडक पण ठिसूळ असतात आणि ओलीत टिकत नाहीत. स्क्रू पातळ पत्र्यात गरगर फिरायला लागला तर त्याचे आटे गेले. तो मोजायचा नाही. बोटभर अंतरावर दुसरा मारायचा.

स्टड शोधायला लागणारा वेळही सल्ल्यात वाटतो तेवढा नाही. पेपर लावण्याआधी प्लायवरच्या खिळ्यांच्या ओळी दिसत असतात. त्यांच्या खुणा वर आणि खाली, पेपरने झाकल्या न जाणाऱ्या जागी करून ठेवायच्या आणि पेपर लागल्यावर त्या खुणांना दोरी धरून खडूची रेघ मारायची. एका भिंतीला काही मिनिटं. स्टड चुकलेला स्टेपल हाताला लगेच कळतो: तो दणका न देता सहज आत जातो. आतली बाजू उघडी असेल तर प्लायमधून बाहेर आलेली टोकंही दिसतात.

"जेवढे जास्त स्टेपल तेवढी मजबुती"

स्टड ४०६ मिमी अंतरावर आणि फास्टनर १७८ मिमीवर धरले तर चौरस मीटरला सुमारे १४ पडतात. प्रत्येकाच्या वाट्याला प्लास्टरचं वजन साडेतीन किलोच्या आसपास येतं. जाळीच्या ६८६ मिमी रुंदीच्या तावाला (एका तुकड्याला) प्रत्येक स्टडवर पाच फास्टनर पुरतात, दोन्ही कडांवरचे धरून. २.४ मीटर उंच स्टडवर पूर्ण ओळीत पंधरा. यापेक्षा चार जास्त स्टडवर पडले तर बिघडत नाही.

बिघडतं ते स्टडच्या मध्ये, नुसत्या प्लायमध्ये मारलेल्या स्टेपलनी. ते वजन फारसं घेत नाहीत, पण प्रत्येक जण पेपरला दोन भोकं पाडतो आणि त्या भोकांमागे भरीव लाकूड नसतं. प्लाय ओलीने हलला की ती हालचाल थेट जाळीत जाते. भर म्हणजे सुकताना आकसू पाहणारा प्लास्टर नको त्या ठिकाणी जखडला जातो.

"आडवी की उभी, सुलटी की उलटी, सगळं सारखंच"

तावाची लांब बाजू स्टडना काटकोनात, म्हणजे उभ्या स्टडवर आडवी. हिऱ्यांची लांबी तावाच्या लांबीच्या दिशेला असते आणि त्याच दिशेला जाळी जास्त ताठ असते. उभी लावली तर दोन स्टडमध्ये ती थापीखाली लवते. आणि ताठ जाळीलाही मर्यादा आहे: हिऱ्याच्या छिद्रांची साधी जाळी ४०६ मिमीपर्यंतच्या अंतराला ठीक, ६१० मिमीवर स्टड असतील तर १० मिमी उंच कड्यांची रिब लॅथ घ्यावी.

सुलटं-उलटं ओळखायला जाळी डोळ्यांसमोर धरून तिरपी पाहावी. प्रत्येक छिद्राची पट्टी एका बाजूला कललेली दिसते आणि तिथे लहानसा कप तयार होतो. कपांची तोंडं वर यायला हवीत, म्हणजे ओला माल त्यात टेकून बसतो. उलट लावली तर त्याच पट्ट्या मालाला बाहेर घसरवतात, पहिला कोट खाली ओघळतो आणि कारागीर मालात पाणी जास्त पडलं म्हणून चिडतो.

"जोडांवर जाळी वाया घालवू नका"

जोडावर एका तावाची कड दुसऱ्यावर चढवायची असते. त्यात वाया जाणारी जाळी किती? लांब कडांवर किमान १३ मिमी, टोकांवर किमान २५ मिमी. काही कारखाने ताव २४३८ ऐवजी २४६४ मिमी लांब बनवतात. जादाचे सुमारे २५ मिमी टोकावरच्या चढीसाठीच असतात. नुसतं टेकवून सोडलेल्या जोडावर तडा बरोबर त्या रेषेत, सरळ उमटतो. टोक स्टडवर संपत नसेल तर ते १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीच्या तारेने बांधावं. स्टडच्या मध्ये लांब कडाही जास्तीत जास्त २२९ मिमीवर बांधाव्या लागतात, हे तर बरेच अनुभवी कारागीरही सोडून देतात. शेजारच्या ओळींतले टोकाचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेतही जोड नको; तिथे ताव कापून कोपऱ्याभोवती वळवावा.

कागद चिकटवून आलेल्या जाळीत एक खास सापळा आहे. जोडावर जाळीला जाळी आणि कागदाला कागद भिडला पाहिजे, आणि वरचा कागद खालच्यावर बाहेरून यायला हवा. त्यामुळे अशी जाळी खालून वर लावत जातात. घाईत ताव नुसता वर ठेवला तर दोन जाळ्यांच्या मध्ये कागद येतो, माल खालच्या जाळीपर्यंत पोचत नाही आणि पूर्ण जोडभर प्लास्टर एकाच जाळीवर लटकतो.

"जाळी असली की तडा जात नाही"

तडे मुख्यतः प्लास्टर सुकताना आकसल्याने आणि सांगाडा हलल्याने जातात. चौरस मीटरला १.३६ किंवा १.८५ किलोची जाळी, तीही प्लास्टरच्या मागच्या भागात, ही ओढ थांबवू शकत नाही. ती फुटलेले तुकडे जागेवर धरते आणि तडा बारीक ठेवायला मदत करते. म्हणून मोठा पृष्ठभाग कंट्रोल जॉइंटने, म्हणजे हालचालीला वाव देणाऱ्या मुद्दाम ठेवलेल्या जोडाने, तोडावा लागतो: उभ्या भिंतीवर एक भाग १३.४ चौरस मीटरपेक्षा मोठा नको, कोणतीही बाजू ५.५ मीटरपेक्षा लांब नको आणि लांबी रुंदीच्या अडीचपटीपेक्षा जास्त नको. लांब, चिंचोळा पट्टा क्षेत्रफळाने लहान असला तरी आडवा तडकतो.

जॉइंटखाली जाळी सलग ठेवायची की तोडायची यावर कारागिरांत जुना वाद आहे. मानक तोडायला सांगतं: जाळी दोन्ही बाजूंना थांबवून जॉइंटच्या पट्टीला तारेने बांधायची. जाळी सलग राहिली तर दोन भाग आतून जोडलेलेच राहतात आणि जॉइंटला उघड-मीट करायला वाव मिळत नाही. आमचा कौल मानकाच्या बाजूने आहे.

या सल्ल्याप्रमाणे जाळी आधीच लागली असेल आणि माल अजून चढला नसेल, तर सगळी उतरवायची गरज सहसा पडत नाही. आधी स्टडच्या रेघा काढून प्रत्येक ओळीत १७८ मिमीचं अंतर आणि फास्टनरची पकड तपासावी, कमी असतील तिथे योग्य लांबीचे मारावेत. सपाट झालेले खळगे पकडीने पुढे ओढून मागे फरिंगचे वॉशर घालावेत. स्टडच्या मधले स्टेपल काढले तर त्यांच्या भोकांवर पेपरचा तुकडा लावावा लागतो. त्याची वरची कड वरच्या पेपरच्या चढीखाली सरकवायची, आणि त्यासाठी तेवढ्या भागातली जाळी सोडवावीच लागते. जाळी उलटी किंवा उभी लागली असेल तर मात्र ती उतरवूनच पुन्हा लावावी.