खाऊ ठेवलाय, घ्या हं!

ऑफिसात खाऊ न्यायचा तो लोकांनी खावा म्हणून, असा एक गैरसमज आहे. खाऊ आपण आणला हे सगळ्यांना कळणं महत्त्वाचं. खाणं ही त्यातली नाइलाजाची पायरी. एवढं मनाशी पक्कं केलंत की पुढचं सोपं आहे.

पहिलं काम मोजणीचं. विभागात चोवीस माणसं असतील तर बावीस नग घ्या. सव्वीस घेतले तर सगळ्यांना मिळतं, दोन उरतात, कुणीतरी ते संपवतं आणि विषय तिथेच मिटतो. बावीस घेतले की दोघं राहतात आणि तुमचा खाऊ पुढचा आठवडाभर बोलण्यात राहतो. ते दोघं कोण, हे तुम्ही ठरवायची गरज नाही. त्या वेळी जे मीटिंगमध्ये अडकलेले असतात तेच. रात्रपाळीवाले, दारावरचे सुरक्षारक्षक आणि संध्याकाळी टेबलं पुसणाऱ्या बाई कंपनीच्या ईमेल यादीत नसतात, त्यामुळे ते मोजणीत धरले जात नाहीत. रिकामे खोके मात्र त्या बाईच उचलतात.

सुटे नग आणण्यापेक्षा अख्खा केक आणलेला बरा. सुटा नग उचलून माणूस जागेवर परत जातो. केक कापेपर्यंत त्याला थांबावं लागतं, टाळ्या वाजवाव्या लागतात आणि कारणही विचारावं लागतं. आठ इंची, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाचा गोल केक दहा-बारा जणांना पुरतो. तो चोवीस जणांत आणा आणि मध्यापासून त्रिकोणी फोडी पाडायला लागा. परीघ त्रेसष्ट सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक फोड मागून जेमतेम २.६ सेंटिमीटर रुंद आणि पुढे शून्य. निम्म्या फोडी व्हायच्या आत मधला भाग खचतो, थर एकमेकांवरून घसरतात, आणि शेवटच्या दहा जणांना क्रीम लागलेला चुरा चमच्याने वाढावा लागतो.

काही अरसिक लोक पाच-पाच सेंटिमीटरच्या समांतर पट्ट्या पाडून त्यांचे अडीच-अडीच सेंटिमीटरवर तुकडे करतात. कडेचे थोडे वाकडे निघतात, पण हिशेब चोवीसच्या आसपास बसतो. हीच मंडळी लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतात आणि दर कापानंतर पुन्हा पुसतात, म्हणजे क्रीम पात्याबरोबर ओढलं जात नाही. पाच मिनिटांत काम आटोपतं. आटोपलं की गर्दी पांगते. म्हणून तुम्ही सुरीच आणू नका. पॅन्ट्रीत ती कधीच नसते. मग सुरीचा शोध चार टेबलं फिरून प्लास्टिकच्या चमच्यावर किंवा स्टीलच्या फूटपट्टीवर येऊन थांबतो, आणि फूटपट्टीने केक कापणारा एक हौशी गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतोच.

तुकडे लहानमोठे झाल्याची खंत बाळगू नका, गणितज्ञांनाही ते सहज जमलेलं नाही. दोघांचा प्रश्न जुना आणि सोपा: एकाने कापावं, दुसऱ्याने आधी उचलावं. पण माणसं कितीही असोत, कुणालाच दुसऱ्याच्या तुकड्याचा हेवा वाटू नये आणि पायऱ्यांची कमाल मर्यादा आधीच सांगता यावी, अशी पद्धत सापडायला २०१६ साल उजाडलं. हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी या संगणकशास्त्रज्ञांनी ती मांडली. तिची मर्यादा काढायची तर माणसांच्या संख्येवर तीच संख्या घात म्हणून ठेवायची, त्यावर पुन्हा तीच, असे मजले चढवत जायचं. चोवीस जणांसाठी हे करायला घेतलं तर जेवणाची सुट्टी थोडी वाढवून घ्यावी लागेल.

खाऊ कुठे आणि कधी ठेवायचा, यालाही शास्त्र आहे. जागा प्रिंटरशेजारची. निरोपात फक्त ‘खाऊ ठेवलाय, घ्या हं!’ एवढंच, काय, कुठे, किती वाजेपर्यंत, यातलं काहीही लिहू नका. चोवीस माणसं तीन मजले धुंडाळतात, तेवढीच हालचाल. घरून काम करणाऱ्यांना केकचा फोटो पाठवायला विसरू नका, जवळून काढलेला.

ताज्या क्रीमचा केक सकाळी साडेदहाला बाहेर काढा आणि साडेचारपर्यंत तसाच राहू द्या. नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अन्नसुरक्षावाले सांगतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. काही तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. सहा तासांत अशी अठरा दुपटी होतात, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. साडेचारला येणाऱ्याला तुम्ही सकाळच्यापेक्षा बरंच जास्त वाढत असता आणि त्याचं श्रेयही घेत नाही.

खोक्यावरचं घटकांचं लेबल घरीच फाडून टाका. त्यात अंडं आहे का, जिलेटिन आहे का, शेंगदाणे आहेत का, असल्या चौकशा करणारे लोक वातावरण बिघडवतात. कुणी ॲलर्जीचं नाव काढलंच तर ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे ठेवणीतलं वाक्य आहे. होतं ते असं: शेंगदाण्याच्या ॲलर्जीत सुरीला चिकटलेला कणही काहींना पुरतो, आणि एकच सुरी सगळ्या खोक्यांत फिरवली की तो कण सगळीकडे पोचतो. सॅनिटायझर चोळल्याने तो जात नाही. साबण आणि पाणीच लागतं. पण वेगळी सुरी, वेगळा खोका आणि वर एक चिठ्ठी, एवढी यातायात केली तर ती व्यक्तीही निर्धास्तपणे खाईल. मग आपल्या दोन नगांच्या तुटवड्याचं गणित कोलमडतं.

नको म्हणणाऱ्याला तीनदा आग्रह करा, चौथ्यांदा चारचौघांत कारण विचारा. मधुमेह, उपास, औषध, नुसतीच भूक नसणं, काही ना काही बाहेर येतंच, आणि एरवी वर्षभर शेजारी बसून कळलं नसतं ते सगळ्या विभागाला कळतं. तो फोनवर असेल तर डबा त्याच्या कीबोर्डवर धरून उभे राहा. साखर टाळणाऱ्यांसाठी खास शुगरफ्री चॉकलेटं आणा आणि ‘ही तुम्ही कितीही खा’ असं मोकळ्या मनाने सांगा. त्यातल्या बऱ्याच चॉकलेटांत साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, काही गोळ्यांत तसंच सॉर्बिटॉल. ती द्रव्यं लहान आतड्यात पुरती शोषली जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात पाणी ओढतात आणि तिथल्या जंतूंना मेजवानी देतात. पाकिटावर बारीक अक्षरात तशी सूचनाही असते. वाटपाची योग्य वेळ: तीन तासांच्या मीटिंगच्या आधी अर्धा तास.

बिस्किटं आणि केक एकाच डब्यात भरा. केकमधला ओलावा बिस्किटांत जातो; सकाळपर्यंत बिस्किटं मऊ, केक कोरडा, आणि दोन्हींना एकमेकांचा वास. उरलेली चॉकलेटं पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये उघडीच टाका. बाहेर काढली की त्यांच्यावर हवेतली वाफ जमते, तिच्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर पांढुरकी खरखरीत साय मागे राहते. त्यात धोका काही नसतो. पण लोक ती बुरशी समजून चॉकलेटं जपून बाजूला ठेवतात, आणि बाजूला ठेवलेल्या चॉकलेटांवर मग तुमचा निर्वेध हक्क.

सुकामेव्याचा डबा असेल तर चमचा ठेवू नका, हात आहेत. काजू हवे असतील तर डबा आधी जरा हलवा. लहान दाणे फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर येतात. वरचे उचलून झाले की झाकण लावून पुढच्याकडे सरकवा. दुपारपर्यंत डब्यात मनुका उरतात आणि मनुका कुणीच मागत नाही.

घरी समारंभ होऊन चौथ्या दिवशी जे काही शिल्लक असेल, ते ऑफिसात आणण्यासारखं असतं. कचऱ्यात टाकायला मन धजत नाही आणि स्वतः खायची हिंमत होत नाही, असे पदार्थ सहकाऱ्यांच्याच वाट्याचे. नावाची चिठ्ठी तेवढी लावू नका, आजच्या दिवसापुरती प्रसिद्धी नको.

आता शेवटचा तुकडा. तो अख्खा उचलणं असभ्य समजलं जातं, म्हणून त्याचा अर्धाच घ्यायचा. ऐंशी ग्रॅमचा तुकडा पहिल्यानंतर चाळीस, दुसऱ्यानंतर वीस, असा सहाव्या सभ्य माणसानंतर सव्वा ग्रॅम उरतो. तोही पुन्हा कापायचा, फूटपट्टीने का होईना. कारण खोक्यात काहीतरी शिल्लक आहे तोवर तो रिकामा नाही, आणि रिकामा नसलेला खोका टाकून देण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.